ऐंशीचा शेकडा

पाच बोटांनी पाच ओढायच्या, चटईवरून, न बघता.
पुन्हा पाच. पुन्हा पाच.
आईने शिकवलं ते एवढंच, की न्येले,
डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडावर, बोटं कवड्यांवर.
सोळा वेळा पाच झाल्या की
जेन्नेच्या बाजारात शेकडा भरतो.

इद्दरला हे पटत नाही.
तघाझाहून मिठाच्या लाद्या घेऊन आलाय तो,
उंटांवरून वाळू, मग तिंबक्तूपासून होडी,
निळ्या फडक्यात उरलेत फक्त डोळे, तेही लाल.
‘शंभर म्हणजे शंभर,’ म्हणतो.
‘तुमच्याकडे,’ मी म्हणते. ‘इथे ऐंशी.’
‘मग वीस गेल्या कुठे?’
‘जातील कुठे? कधी नव्हत्याच.’

बाजूला नामाकोरो बसलेला, कोलाच्या बिया ओल्या पानांत गुंडाळत.
हजला जाऊन आला तेव्हापासून
कुणी न विचारता सांगतो.
कैरोत त्याला एडनचा एक खलाशी भेटला होता.
तो म्हणाला म्हणे, उन्हाच्या उगवतीकडे
पाण्यात बेटं आहेत, भाकरीच्या तुकड्यांएवढी,
तिथल्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून
माडाच्या झावळ्या तरंगत ठेवतात
आणि घरी जातात.
किडे आपोआप चढून बसतात.
मग झावळ्या ओढायच्या, किडे वाळूत पुरायचे,
मांस कुजून जाईपर्यंत थांबायचं.
‘वास?’ मी विचारलं.
‘तो त्या बायकांना विचार.’

आणि जहाजात, म्हणे, कवड्या अगदी तळाला,
वरचा माल डुलू नये म्हणून
नुसतं वजन.
वाटेवरच्या एका मुलखात तर
कुणाला हिणवायचं असलं की ‘कवडीमोल’ म्हणतात.

मी हसले.
हसताना बोटं थांबली,
आणि सदतिसावा शेकडा होता की अडतिसावा
ते गेलं.

इद्दरच्या लाल डोळ्यांत पहिल्यांदा ऊन पडलं.
‘पहिल्यापासून,’ तो म्हणाला.

पहिल्यापासून.
पाच. पाच.
एकीच्या पोटातून खडखड आली.
उलटी करून आपटली तर तळहातावर
पांढरी वाळू, चिमूटभरही नाही,
आमच्यासारखी लाल नाही, इद्दरच्यासारखी पिवळीही नाही.
तिलाही कुणी मोजायला शिकवलं असेल,
गाठोड्यात बारा हजार, काथ्याने शिवून,
तीही खलाशाच्या तोंडाकडे बघत असेल,
आणि तिचा शेकडा कितीचा?
तिने वीस ठेवून घेतल्या का?
वाटेत कुणी घेतल्या?

दुपार कलली. इद्दर कंटाळला असावा,
लादीच्या कोपऱ्याचा एक टवका काढून
त्याने माझ्यापुढे धरला.
‘चाट. हाही समुद्रच होता,
आजा सांगायचा. आटला.’
त्याच्या आज्याने समुद्र पाहिला होता का?
नाही.
त्याने?
नाही.
नामाकोरोने पाहिला होता, पण रात्री,
आणि तेव्हा त्याला ओकाऱ्या होत होत्या.

तर असे आम्ही तिघं,
आणि मधे चटईवर समुद्राचे दोन ढीग,
एक तोलायचा, एक मोजायचा.

सौदा शेवटी माझ्याच शेकड्याने झाला.
दर शेकड्यामागे एक पाचा मी वर टाकला,
त्याने लादीची फुटकी कड भरपाईत धरली नाही.
दोघंही थोडे लुबाडलेले, म्हणून दोघंही गप्प.
एक कवडी पाठीला चिरलेली निघाली, ती त्याने परत फेकली.
ती मी पदराला बांधली, का कोण जाणे,
फुटक्या कवडीला काही येत नाही.

दिवेलागणीला बानीवर हात धुवायला गेले.
ओंजळ तोंडाला लावली.
पाणी गोडं, नेहमीसारखं,
पण जिभेवर आधीचं काहीतरी होतं,
ते मात्र
तीन चुळा भरल्या तरी गेलं नाही.